पंडिता रमाबाई : धन्याची वाट पाहणारी दासी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांत प्रभूने सिद्ध राहण्याविषयी जे दाखले सांगितले आहेत, ते आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वर्षातून दोनतीन वेळा तरी वाचले जातात. वाचन होते, प्रार्थना होते, आणि मंडळी घरी जाते. पुढे त्या वचनांचे काय होते, हे पाहू गेल्यास दोन तऱ्हेची माणसे आढळतात. काहींचे लक्ष सदोदित दिवस मोजण्याकडे असते. कोठे लढाई पेटली, कोठे भूकंप झाला, की ते उपदेशकाला वाटेत गाठून प्रभूचे येणे कोणत्या साली आहे हे विचारतात, आणि त्याने ठाऊक नाही म्हटले म्हणजे त्याच्या विद्येविषयी संशय घेतात. दुसऱ्या काहींचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत एकदा चढले की त्यांच्या मते सर्व तयारी संपली. आता वऱ्हाड येईल तेव्हा दार आपोआप उघडेलच.

या दोघांनीही दाखला अर्धाच वाचलेला असतो. नवऱ्याला उशीर झाला तेव्हा दहाही कुमारींना झोप लागली, हे ध्यानात घ्यावे. शहाण्यांनाही लागली. दिवेही दहाजणींकडे होते. भेद काय तो तेलाचा, आणि ते तेल मध्यरात्री हाक आल्यावर मिळण्याजोगे नव्हते. ते दिवसाउजेडी भरून ठेवायचे होते. त्याच्या आधीच्या अध्यायातील विश्वासू दास तर वाटेकडे डोळे लावून बसलेलाही नाही. धनी येतो तेव्हा तो घरातील माणसांना वेळच्या वेळी अन्न वाढीत असतो. हे दोन दाखले एकत्र ठेवून ज्यांचे चरित्र वाचावे, अशी एक बाई आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेली. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे परदेशगमन, त्यांची वादविवादातील धिटाई यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे त्यांच्या सिद्धतेविषयी थोडे सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात, कर्नाटकाच्या हद्दीत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे शास्त्री. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा जेव्हा सर्वत्र दंडक होता, तेव्हा त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल उडुपीस पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधाराने जाबही दिला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब रान सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ही मुलगी वेताच्या पेटाऱ्यात घालून नेली. त्यानंतर या घराला घर असे राहिलेच नाही. देवळात, धर्मशाळेत, नदीकाठी बिऱ्हाड करायचे, पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे आणि पुढे चालायचे.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने त्यांना शिकविण्यास आरंभ केला. दिवसभर स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याचे आदरातिथ्य यांतून आईला सवड नसे. म्हणून पहाटे, पाखरे जागी होतात त्या वेळी, ती मुलीला मायेने उठवी आणि मांडीशी घेऊन श्लोक म्हणवून घेई. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक पुस्तकावाचून पाठ झाले. आपल्या आयाबहिणींनी ही गोष्ट मनात धरावी. ज्या बाईने पुढे हजारो जणींना उठविले, तिला प्रथम उठविणारी तिची आई होती, आणि त्या आईला ख्रिस्ताचे नावही ठाऊक नव्हते.

मग दुष्काळ आला. सन १८७४ पासून पुढील तीन वर्षे मद्रास इलाख्याकडे जो काळ पडला, त्यात हे कुटुंब सापडले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात संपले होते. अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते, आणि भीक मागण्याची कुळाला लाज वाटे. झाडपाला व रानातील फळे खाऊन दिवस काढले. शेवटी सर्वांनी मिळून रानात जाऊन मरावयाचे ठरविले. वडिलांची दृष्टी तोपर्यंत गेली होती. त्यांनी आपल्या या धाकट्या मुलीला जवळ घेतले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जन्मभर देवाचीच सेवा कर असे सांगून तिला देवाच्या स्वाधीन केले. कोणत्या देवाच्या, हे त्या वेळी बापालाही ठाऊक नव्हते व मुलीलाही. १८७४ त वडील वारले. काही महिन्यांनी आई गेली. स्मशान तीन मैल दूर. खांदा देण्यास माणसे पुरेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे ब्राह्मण मिळाले. भाऊ श्रीनिवास, ते दोघे आणि रमाबाई असे चौघे झाले. रमाबाई ठेंगण्या असल्याने तिरडीची दांडी त्यांच्या खांद्यावर बसेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढल्या वर्षी थोरली बहीणही पटकीने गेली.

बहीणभाऊ तेवढे उरले. ती दोघे पायी हिंदुस्थान हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका थंड रात्री अंगावर घेण्यास काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले व डोकी बाहेर ठेवून स्वतःला वाळूत पुरून घेतले. या हिंडण्यात तीर्थांवरील व मूर्तींवरील त्यांचा विश्वास हळूहळू उडाला. १८७८ त ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झाले. पण पोटात जे रिते होते ते पदव्यांनी भरले नाही.

पुढील दोनचार वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. मे १८८० मध्ये भाऊ डाक्क्यास वारला. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केले. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. संसार सुमारे पावणेदोन वर्षांचा. मात्र त्या घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती, आणि ती त्यांनी वाचली होती. तेथील एका बाप्तिस्त मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थही समजावून दिला होता. पतीला ते रुचले नाही. बी पेरले गेले, पण वर माती बसली.

विधवा रमाबाई मुलीला घेऊन १८८२ त पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. नंतर १८८३ त विलायतेस गेल्या. वाँटेज येथील भगिनी-मंडळात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे पतित स्त्रियांकरिता एक घर होते. तेथे कुलीन बाया त्या स्त्रियांची मायेने सेवा करीत आहेत, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्या स्त्रियांची सावलीही भल्या घरची माणसे टाळतात, त्यांच्याशी असे का वागता, हे त्यांनी विचारले. आणि उत्तरादाखल त्यांना शोमरोनी बाईची व प्रभूची विहिरीवरील भेट सांगण्यात आली. वेद व पुराणे ज्या प्रश्नापुढे मुकी राहिली होती, त्याचे उत्तर त्यांना येथे मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता जी गोष्ट सांगावयाची, तिच्याकडे आमच्या मंडळ्यांनी विशेष लक्ष द्यावे. या बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे रमाबाईंनी ख्रिस्ती म्हणून काम केले. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकल्या व शिकविले. १८८६ त अमेरिकेस जाऊन डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहिला. वरिष्ठ जातींतील हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून अमेरिकेतील लोकांची मने हलविली. बोस्टन शहरी त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ निघाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. १८९० त ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती, तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. एवढे सर्व झाल्यावर रमाबाईंना असे दिसून आले, आणि पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी ते निर्भीडपणे लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अजून सापडलेला नाही. १८९१ च्या सुमारास पवित्र शास्त्राचे व एका इंग्रज पाळकाच्या आत्मवृत्ताचे वाचन करता करता त्यांचे डोळे उघडले. तो पाळकही वर्षानुवर्षे उपासना चालवून मग खरा विश्वास पावला होता. आपण पापी आहोत, आणि जसे आहोत तसे, आताच, प्रभूकडे जावयाचे, हे त्यांनी तेव्हा केले.

दिवा आठ वर्षे हातात होता. वातही होती. लोक दिव्याकडे बोट दाखवून वाहवा करीत होते. तेल नाही हे फक्त दिवा धरणारीला कळले, आणि तिने ते मध्यरात्रीपूर्वी ओळखले. इतकी नावाजलेली बाई असे कबूल करू शकली. आणि आमच्यातील कित्येक जण, ज्यांना आजोबांच्या वेळचा बाप्तिस्मा पुरतो, ते अशी झडती घेण्याचे नाव काढीत नाहीत! उपदेशकांनाही हे लागू आहे. दर रविवारी दुसऱ्याच्या दिव्यात तेल आहे की नाही ते पाहणाऱ्याने आपलाही दिवा कधी कलता करून पाहावा.

या अंतर्बाह्य पालटाचा परिणाम लगेच दिसू लागला. सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती; पण रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून मुलीसह प्रार्थना करीत, आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. यावरून पुण्यात मोठा गिल्ला झाला. १८९३ त न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. त्या सद्गृहस्थांनी आपल्या समजुतीप्रमाणे केले. त्यांच्याविषयी वाईट बोलण्याचे कारण नाही. रमाबाईंनी दार मात्र लावले नाही. १८९५ त लोणावळ्याच्या प्रार्थना-शिबिरास त्या गेल्या होत्या. त्या वेळी सदनातील पंधरा मुलींनी प्रभूचा स्वीकार केला होता. एके दिवशी पहाटे उठून त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या, सूर्य उगवताना पाहिला, आणि पंधराला पंधरांनी गुणून जितक्या होतील तितक्या, म्हणजे दोनशे पंचवीस मुली देवाने आपल्या पदरी घालाव्या, असे मागितले. सदनात त्या वेळी तेवढ्या जणींना जागा नव्हती, आणि खर्चाला पैसाही नव्हता.

मात्र एक तयारी अगोदरच चालू झाली होती, व ती अगदी शेतकऱ्याच्या धर्तीची होती. अमेरिकेतील मंडळाने मदतीचे वचन दहा वर्षांपुरते दिले होते. ती मुदत संपल्यावर काय, या विचाराने रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव स्टेशनाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. जमीन उघडी बोडकी. तेथे त्यांनी विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली, की पुढेमागे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. पुण्यातील शहाण्यांना हा विद्वान बाईचा छंद वाटला असल्यास नवल नाही. कोणत्या कामाकरिता या विहिरी खणल्या जात आहेत, हे खुद्द रमाबाईंनाही ठाऊक नव्हते. विहीर खणायची ती दुष्काळ पडण्यापूर्वी, कारण कोरड पडल्यावर खणणाऱ्याला पाणी लागेपर्यंत जनावरे मरतात. हे खेड्यातील माणसास सांगावयास नको.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या. प्रथम रमाबाईंचे मन कचरले. सदन उच्च वर्णांच्या विधवांकरिता, पैसा ठरावीक, आपण काय करणार? पण वीस वर्षांपूर्वीचा तो दुष्काळ, ती झाडपाल्यावर काढलेली दिवसगणती, आईची तिरडी, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या निघाल्या. मदतीच्या छावण्यांतून त्यांनी जे पाहिले, ते भुकेपेक्षाही भयानक होते. आईबाप मेलेल्या पोरक्या मुलींवर दुष्ट माणसे डोळा ठेवून होती, आणि घासभर अन्नासाठी मुलींचे शील विकत घेतले जात होते. रमाबाईंनी जात विचारण्याचे सोडले. ज्या मिळाल्या त्या घेतल्या: कोणी अस्थिपंजर झालेल्या, कोणी रोगी, कोणी खरजेने भरलेल्या, कोणी चोरी केल्यावाचून जगणे माहीत नसलेल्या. काही महिन्यांत त्यांची संख्या सुमारे तीनशे झाली. लोणावळ्याच्या टेकडीवर मागितलेला आकडा मागे पडला.

त्याच वेळी पुण्यात गाठीच्या तापाने कहर केला होता. सरकारी बंदोबस्तामुळे इतक्या मुली शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हाचे पुणे आजच्यासारखे पसरलेले नव्हते. बिबवेवाडी हे तर शहराबाहेरचे एक खेडे होते. तरी शहराच्या आसपासही त्यांना थारा मिळण्याजोगा नव्हता. शेवटी केडगावची जमीन होती, विहिरींना पाणी होते, म्हणून मुलींना तिकडे हलविले. राहुट्या ठोकल्या, गवताच्या झोपड्या घातल्या. बाग ज्या कामासाठी लावली होती ते राहिले बाजूला, आणि देवाच्या मनात जे होते ते पुढे आले. त्या धामधुमीतही प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेविरुद्ध त्यांनी १८९७ त ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड लिहिले. सरकारची मर्जी जाईल, हे भय त्यांना शिवले नाही.

या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० साली गुजराथेत व राजपुतान्यात पुन्हा काळ पडला, तेव्हा सदनातून तयार झालेल्या बाया मुली आणावयास गेल्या, आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. विधवांसाठी शारदा सदन, वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीति सदन, आंधळ्यांसाठी बार्तिमय सदन. हातमाग, छापखाना, शेत, तेलाचा घाणा, भाकरीची भट्टी. एवढ्या तोंडांना दररोज दोन वेळा अन्न लागे. संग्रही पैसा कित्येकदा नसे. रमाबाई देवाजवळ मागत, आणि मागून झाल्यावर धान्याच्या कोठारात जाऊन हिशोब पाहत. या दोन गोष्टींत त्यांना कधी विरोध दिसला नाही. धनी आला असता तर त्याला त्या कोठे सापडल्या असत्या, हे सांगणे कठीण नाही. मापे हातात घेऊन, घरातील माणसांना वेळच्या वेळी शिधा देताना.

आता १९०५ सालच्या जागृतीविषयी. हे प्रकरण आमच्याकडे पुष्कळदा अर्धवट सांगितले जाते. लोकांना आठवते ते मुलींचे रडणे, मोठ्याने प्रार्थना करणे, भुईवर पडणे. त्याआधी काय झाले, ते कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात व वेल्स प्रांतात मंडळ्या जाग्या झाल्याचे ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी एक प्रार्थना-मंडळ सुरू केले. पहिल्या हाकेला सुमारे सत्तर जणी आल्या. त्या रोज जमत. जून महिन्यापर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली, आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. मग रमाबाईंनी, शिकणे बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास कोण जाईल, असे विचारले. तीस मुली उभ्या राहिल्या. या तीस मुली सामर्थ्य मिळावे म्हणून रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. सहा महिने असे गेले. सहा महिने म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंतचा काळ. आणि या सहा महिन्यांत डोळ्यांना दिसण्यासारखे विशेष काही घडले नव्हते.

२९ जूनच्या रात्री साडेतीनच्या सुमारास त्या तिसांपैकी एक मुलगी झोपेतून जागी झाली. तिच्यावर जणू अग्नी उतरला. शेजारची मुलगी घाबरून पाणी आणावयास धावली, आणि ओतणार तोच तिला दिसले की ही आग पाण्याची नव्हे. कुमारी मिनी अब्रॅम्स या मिशनरी बाईंना उठविण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शांतपणे बोलत असता सर्व सभा रडू लागली व एकच वेळी प्रार्थना करू लागली. त्यांना बोलणे थांबवावे लागले. काही दिवस शाळा बंद राहिली. पापांची कबुली, क्षमा, आनंद यांचा पूर लोटला. पुढे मुलींच्या टोळ्या खेड्यांत सुवार्ता सांगत हिंडल्या.

रमाबाईंना स्वतःला आरडाओरडा आवडत असे, असे मानण्यास आधार नाही. त्या संस्कृत पंडिता, आणि कानांनी कमी ऐकणाऱ्या. विलायतेतच त्यांना बहिरेपणा आला होता, व त्यामुळे वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला होता. पण देव आपल्या रीतीने येत आहे, तर मी माझी रीत त्याच्यावर लादणार नाही, अशी त्यांची वृत्ती दिसते. कित्येक ठिकाणी मंडळ्या त्या रात्रीची नक्कल करू पाहतात. हात वर करणे, ओरडणे, हे एका सभेत शिकता येते. सहा महिने रोज पहाटे जमणे, हे नक्कल करण्याजोगे काम नाही, म्हणून त्याची नक्कल कोणी करीत नाही.

याच सुमारास रमाबाईंनी आयुष्यातील शेवटचे मोठे काम हाती घेतले. आपल्या मुलींना घेऊन त्या पवित्र शास्त्र वाचीत, तेव्हा मराठी भाषांतरातील संस्कृत शब्द त्या दुष्काळातून आलेल्या बायांना अडत. ज्या बाईला अठरा पुराणांचे संस्कृत जिभेवर, तिनेच ठरविले की शास्त्र अशा मराठीत आणावे, जे चुलीपुढे बसलेल्या बाईला समजेल. त्यासाठी इब्री व हेल्लेणी भाषा त्यांनी उतारवयात शिकून घेतल्या. भाषांतर त्या स्वतः करीत. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही कामे मुक्तीतील स्त्रिया करीत. त्यांतील पुष्कळ जणी अक्षरओळख मुक्तीतच शिकलेल्या होत्या. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. नवा करार आधी निघाला. जुना करार पुढे चालू राहिला. इतर सर्व कारभार डोक्यावर असता हे होत होते. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्याने त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही.

मुक्तीचे पुढे काय, याचीही तजवीज त्यांनी केली होती. मनोरमाबाई आईचा उजवा हात. शाळेची मुख्याध्यापिका, परदेशाचा पत्रव्यवहार पाहणारी, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढणारी. सर्व भार तिच्यावर सोपवून आपण निघावे, असा आईचा मानस होता. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाई चाळीस वर्षांच्या होऊन वारल्या. पतीमागे जिला छातीशी धरून सारे जग ओलांडले, ती एकुलती एक गेली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. या बाईने आपली सर्व माणसे पोहोचविली. येथे एखादी खचून गेली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. रमाबाईंनी त्रेसष्टाव्या वर्षी शाळेचा व संस्थेचा भार पुन्हा अंगावर घेतला, लिसा हेस्टी या सहकारिणीला पुढील कारभाराकरिता नेमले, आणि पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांपुढे बसल्या.

१९२२ च्या मार्च महिन्यात त्यांची प्रकृती ढासळली. श्वासनलिकेचा विकार बळावला. जुन्या कराराची थोडी मुद्रिते तपासावयाची राहिली होती. मुक्तीत असे सांगतात, की त्यांनी देवाजवळ आणखी दहाच दिवस मागितले. औषधांचे नव्हे, विश्रांतीचे नव्हे, कामाचे दहा दिवस. अंथरुणावरून त्यांनी पाने तपासली. दहा दिवस पुरले. शेवटचे पान तपासून झाल्यावर त्या निजल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, पहाटेच्या सुमारास, झोपेतच त्यांना बोलावणे आले. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

बोलावणे आले तेव्हा त्या झोपल्या होत्या. त्या दहा कुमारींसारख्याच. मुद्रिते टेबलावर पुरी झालेली होती, कारभार कोणी पाहावा हे ठरलेले होते, आणि कोठीत त्या दिवसाचा शिधा होता. मुक्तीतील बायांनी त्यांना तेथेच पुरले. नंतर त्या छापखान्यात परतल्या, राहिलेले फर्मे चढविले, आणि १९२४ त संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडले. ज्या हातांनी ते जुळविले व बांधले, त्यांतले कित्येक हात मध्यप्रांताच्या व गुजराथेच्या दुष्काळात काड्यांसारखे झालेले असताना रमाबाईंनी धरून आणले होते.